पडवीतला समोवार : सहा पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

गणपतीत घरी येणारा प्रत्येक नवा माणूस आमच्या पडवीतल्या समोवारापाशी, म्हणजे पाणी उकळण्याच्या रशियन भांड्यापाशी, थांबतो आणि साधारण तेच तीन प्रश्न विचारतो : हा बंब इतका लहान कसा, याचे पाणी पिण्याचे आहे का, आणि असा एखादा आम्हाला मिळेल का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे उभ्या उभ्या देता येतात. तिसऱ्याचे तसे देता येत नाही, कारण विचारणाऱ्याचे घर कसे आहे, घरात माणसे किती आहेत आणि त्यांच्यापाशी वेळ किती आहे, हे कळल्याशिवाय त्याला ही वस्तू घे किंवा घेऊ नको असे सांगणे योग्य होणार नाही. कोकण किनाऱ्यावरच्या आमच्या आंजर्ले, मुरुड, केळशी या पट्ट्यात घरगुती निवास चालवणारी मंडळी आता पुष्कळ आहेत, त्यांपैकी काहींनी पाहुण्यांसाठी समोवार घेण्याचा विचार माझ्यापाशी बोलून दाखवला आहे. म्हणून सहा पावसाळे वापरल्यानंतर हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

वस्तू अशी आहे. रशियातील तूला शहरात तयार झालेला, लाकडावर किंवा कोळशावर चालणारा, ५ लिटर पाण्याचा पितळी समोवार. रिकामा असताना त्याचे वजन सुमारे ५ किलो भरते. २०१९ च्या जुलैत तो २०,००० रुबलांच्या आसपास पडला, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण २२,००० रुपये. रशियन भाषेत या नावाचा अर्थ ‘स्वतः उकळणारा’ असा होतो, कारण या भांड्याला वेगळी चूल लागत नाही. मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी, नळीत विस्तव, नळीभोवती पाणी आणि पाण्याला तोटी, एवढीच त्याची रचना आहे. ज्यांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्यांना यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही. मी तेहतीस वर्षे जहाजांच्या इंजिनखोलीत काढली. बॉयलर उघडून त्याच्या नळ्या तपासणे हा माझ्या नोकरीचा भाग होता. त्या नजरेने पाहिले तरी बंब आणि समोवार ही एकाच कल्पनेची दोन भांडी आहेत, असेच मला वाटते. फरक एवढाच, आणि तो महत्त्वाचा आहे, की बंबाला आतून कल्हई नसते आणि समोवाराला असते. म्हणून बंबाचे पाणी अंघोळीचे आणि समोवाराचे पिण्याचे.

समोवार रोजच्या वापरात मी प्रथम पाहिला तो माझ्या एका जुन्या रशियन सहकाऱ्याच्या दाच्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या बागेतल्या घरी. हा मित्र माझ्याबरोबर दोन जहाजांवर सेकंड इंजिनिअर होता. मी निवृत्त झाल्यावर त्याने आग्रहाने बोलावले आणि आम्ही उभयता दहा दिवस त्याच्या कुटुंबात राहून आलो. मॉस्कोच्या कुर्स्की स्थानकावरून दक्षिणेकडे तूलाची गाडी मिळते. अंतर सुमारे १८० किलोमीटर. मित्राचा दाचा तूला प्रांतातच, ओका नदीच्या काठी अलेक्सिन शहराच्या परिसरात, पाइनच्या जंगलाला लागून आहे. दाचा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर ऐसपैस बंगला येतो, तसे ते नसते. हा शब्द ‘देणे’ या अर्थाच्या रशियन क्रियापदावरून आला आहे, आणि ते क्रियापद आपल्या संस्कृत ‘दा’ धातूचेच भावंड आहे. राजाने दिलेली जमीन हा त्याचा जुना अर्थ, म्हणजे आपल्याकडच्या इनामासारखाच. सोव्हिएत काळात कारखान्यांमार्फत कामगारांना बागेसाठी सहा सोतका जमीन मिळू लागली. एक सोतका म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. मित्राच्या वडिलांना मिळालेल्या त्या सहा गुंठ्यांत एक लाकडी घर, एक विहीर, चार सफरचंदाची झाडे, बटाटे, काकड्या, लाल करवंदांसारखी दिसणारी करंटची झुडपे आणि जागा मिळेल तिथे शेपू, इतके सगळे दाटीने नांदत होते. शेपू तिकडे उकडलेल्या नव्या बटाट्यांवर, सुपात, लोणच्यात, सगळीकडे घालतात, हे पाहून माझ्या पत्नीला पहिल्याच जेवणात परकेपणा उरला नाही.

घरात शिरतानाच एक गोष्ट घडली. मित्राच्या आईंनी दार उघडले तसे मी उत्साहाने काजू आणि आमसुलांची पिशवी पुढे केली, तर त्या एक पाऊल मागे सरल्या आणि आम्हाला आधी आत या अशी हाताने खूण करू लागल्या. उंबऱ्यावरून काही देऊ-घेऊ नये, हातसुद्धा मिळवू नये, असा तिकडे रिवाज आहे. मित्र मला ते इंग्रजीत समजावू लागला, तोवर माझी पत्नी पिशवी माझ्या हातातून घेऊन उंबरा ओलांडून आत गेलीही होती. तिच्या आजीने तिला केळशीच्या घरात हेच शिकवले होते. आईंनी तिला जवळ घेतले, ‘दोच्का’, म्हणजे मुली, अशी हाक मारली आणि आम्हा दोघांसमोर घरात घालायच्या सपाता ठेवल्या. पुढचे दहा दिवस त्या तिला त्याच नावाने हाका मारत होत्या. मी त्यांना काय म्हणावे हे मित्राने आधीच शिकवून ठेवले होते : वडीलधाऱ्या व्यक्तीला तिकडे तिचे नाव आणि तिच्या वडिलांच्या नावावरून झालेले नाव असे दोन्ही मिळून हाक मारतात. ते नाव पहिल्या दिवशी माझ्या तोंडी नीट बसेना. दुसऱ्या दिवसापासून मी सरळ ‘आई’ म्हणू लागलो आणि त्याला त्यांनी ओ दिली.

समोवार पेटवण्याचे काम घरात दुसऱ्या कोणाकडे नव्हते, ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईंकडेच होते. सकाळी त्या विहिरीचे पाणी बादलीने आणून सफरचंदाच्या झाडाखाली फरशीवर ठेवलेल्या समोवारात ओतत. आधी पाणी, मग विस्तव, हा क्रम त्यांनी मला तीनदा बोटाने दाखवला. कोरड्या समोवारात विस्तव घातला तर नळीचे डाक, म्हणजे सांधे जोडणारा धातू, सुटतात आणि भांडे कायमचे जाते. आतल्या कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते, आणि डाकाचे मिश्रण त्याहूनही कमी तापमानाला. मग बर्चच्या लाकडाच्या बोटाएवढ्या जाड ढलप्या पेटवून त्या नळीत सोडत, त्यांवर मूठभर वाळलेली पाइनची बोंडे टाकत आणि वर कोपरासारखी वळलेली पत्र्याची चिमणी बसवत. विस्तव मंदावला की चिमणी काढून एक जुना, उंच चामडी बूट नळीच्या तोंडावर उलटा धरायचा आणि भात्यासारखा दाबायचा. खालून जाळीतून ठिणग्या उडत आणि विस्तव पुन्हा धरत असे. पाणी तापू लागले की भांड्यातून बारीक, सलग सूर निघतो. ‘गातो आहे’ असे तिकडे म्हणतात. थोड्या वेळाने तो सूर भरदार होतो, मग झाकणाच्या भोकांतून वाफ येते. तेव्हा चिमणी काढून नळीवर पितळी कडे ठेवायचे आणि त्या कड्यावर चहाची लहान किटली. किटलीतला अर्क खालच्या निखाऱ्यांच्या उबेवर मुरत राहतो. हा सगळा विधी सुमारे चाळीस मिनिटांचा होता आणि त्यात आईंनी एकदाही घाई केलेली मी पाहिली नाही.

त्यानंतर मित्र आणि त्याचा मुलगा मिळून समोवार उचलून काचेच्या तावदानांच्या पडवीत नेत. टेबलाभोवती सगळे बसले की प्रत्येकाच्या पेल्यात आई आधी किटलीतला काळाभोर अर्क बोटभर ओतत आणि मग पेला तोटीखाली धरत. कोणाला कडक, कोणाला फिका, हे त्यांना न विचारता ठाऊक होते. दूध नाही. साखर पेल्यात न घालता तिचा खडा दातांत धरून चहा प्यायचा, किंवा बशीत गूजबेरीचा मुरंबा घेऊन चमच्याचमच्याने खायचा. माझे आजोबा आंजर्ल्यात गुळाचा खडा तोंडात धरून कोरा चहा पीत असत; ते गेल्यापासून तसा चहा पिणारे मी कोणी पाहिले नव्हते. आईंनी सोव्हिएत काळातल्या हत्तीचे चित्र असलेल्या पिवळ्या पुड्यातल्या भारतीय चहाची आठवण काढली. तो पुडा मिळाला की सणासाठी ठेवत, असे त्या सांगत होत्या, आणि तो हत्ती आमच्याकडून आला असे धरून त्या आणि माझी पत्नी बराच वेळ हत्तींविषयी बोलत राहिल्या, एक रशियनमध्ये आणि एक मराठीत. आमसुलांचे काय करावे हे मात्र आईंनी कोणालाच विचारले नाही. समोवाराच्या गरम पाण्यात ती भिजत घातली, साखर घातली आणि संध्याकाळी ‘मोर्स’ म्हणून सर्वांना दिले. रानातल्या आंबट फळांचे त्यांचे सरबत असेच होते. आपले कोकम सरबत आम्ही ओका नदीच्या काठी, काचेच्या पेल्यातून, कोमट प्यालो.

जुलैत तिकडे रात्री नऊ वाजताही उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळच्या चहाला शेवट असा दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. पेले रिकामे झाले म्हणून कोणी उठत नव्हते. समोवार गरम असेतो बसायचे, बसल्या बसल्या करंट निवडायचे, लोणच्याच्या काकड्यांची देठे खुडायची, पुन्हा अर्धा पेला घ्यायचा; तोटीतून कोमट पाणी येऊ लागले की मग खुर्च्या सरकत. घरातली भांडणे, नातवाच्या परीक्षा, शेजाऱ्याचे कुंपण, सगळे त्या दोन-तीन तासांत निकाली निघत असे. पाणी उकळण्याचे काम विजेची किटली चार मिनिटांत करते आणि ती किटली त्या घरात होतीही. समोवाराची खरी पारख त्याने पाणी किती लवकर उकळले यावर करू नये, माणसे किती वेळ एकत्र बसवली यावर करावी, असे माझे मत तिथे बनले आणि पुढचे सगळे परीक्षण मी याच मापाने केले आहे.

निघण्याच्या दिवशी सामान दाराशी नेल्यावर सगळे जण पुन्हा आत येऊन मिनिटभर गप्प बसले. प्रवासापूर्वी असे बसायचे असते. मग मित्र आणि आई आम्हाला तूलाला घेऊन गेले. तूलाच्या समोवारांचा लौकिक मोठा आहे. लिसित्सिन बंधूंचा कारखाना तिथे १७७८ सालचा सांगतात, आणि ‘आपला समोवार घेऊन तूलाला जाऊ नये’ अशी म्हण रशियन लोकांत आजही चालते. जुने, शिक्के उमटवलेले समोवार बाजारात सुंदर दिसतात, परंतु जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यासाठी परवानगी लागते आणि त्यांची नळी आतून किती झिजली आहे हे वरून कळत नाही, म्हणून मी नवाच घेतला. आईंनी दुकानात पाहायला सांगितलेल्या गोष्टी अशा : झाकण काढून आत बोट फिरवावे, कल्हई सगळीकडे सारखी, पांढरीशुभ्र असावी, नळी भांड्याच्या बरोबर मध्यावर असावी, जाळी काढता-घालता यावी, आणि पाणी भरून सांधे पाहावेत. शेवटच्या गोष्टीला दुकानदाराने नकार दिला. नवा माल आहे, पाणी भरून दाखवत नाही, असे तो म्हणाला आणि मी भिडेखातर गप्प बसलो. तिथेच चूक झाली. घरी आणून पहिल्यांदा पाणी भरले तर तोटीतून मिनिटाला दहा-बारा थेंब गळत होते. दुकानाला छायाचित्रे पाठवली. उत्तर आले नाही.

तोटी निमुळत्या दट्ट्याची असते, म्हणजे तिच्यात रबराचे काही नसते आणि दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट बसण्यावरच सगळे अवलंबून असते. मी व्हॉल्व्ह घासण्याची बारीक पेस्ट लावून दट्टा त्याच्या जागेत दोन संध्याकाळी हाताने घासला आणि गळती थांबली. हे काम कोणताही जाणकार फिटर करून देईल. परंतु २२,००० रुपये मोजल्यावर ते ग्राहकाने करायचे नसते, एवढी तक्रार मी इथे नोंदवून ठेवतो. विमानाने आणताना तोटीची मूठ आणि चिमणी वेगळी काढून कपड्यांत गुंडाळली होती. भांड्याला पोचा आला नाही.

आंजर्ल्यात पहिला प्रश्न सरपणाचा होता. करवंट्या घरात भरपूर, म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच वापरल्या. करवंटी फार भडकते, तिचा तेलकट धूर नळीत काजळी धरतो आणि ज्वाळा चिमणीच्या तोंडापर्यंत येते. करवंटीचा कोळसा करून वापरला तर उत्तम, पण तो करण्याचा खटाटोप वेगळा. नारळाची सोडणे, म्हणजे वरची साले, धुमसतात, तापत नाहीत. शेवटी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात फिरायला गेलो असताना पत्नीने ओंजळभर बोंडे उचलून पदरात घेतली आणि म्हणाली, ‘आईंच्या बोंडांसारखीच नाहीत का ही?’ पाइनची बोंडे अंड्याएवढी असतात आणि सुरूची जेमतेम बोराएवढी, पण काम तेच. सुरूच्या लाकडाची धग मोठी असते हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे. बोंडांनाही तो गुण उतरला आहे आणि त्यांना राळ नसल्यामुळे काजळीही कमी. दोन काळज्या घ्याव्या लागतात. भरतीच्या रेषेजवळची बोंडे वाळू आणि मीठ घेऊन येतात, ती गोड्या पाण्यात विसळून उन्हात वाळवावीत, कारण वाळूने जाळी बुजते आणि मीठ पितळ खाते. आणि लहान बोंडे नळीत एकमेकांना बिलगून बसतात, हवा अडते, म्हणून त्यांत मध्ये मध्ये सुरूच्याच काटक्या उभ्या खोचाव्यात. बुटाऐवजी आम्ही खालच्या झरोक्यातून फुंकणी वापरतो; चुलीवरची फुंकणी अगदी बरोबर बसते.

पाणी इथे तिकडच्यापेक्षा लवकर उकळते, आणि त्याचे कारण साधे आहे. आईंच्या विहिरीचे पाणी ऐन उन्हाळ्यातही ८ अंशांच्या आसपास होते, आमच्या विहिरीचे २७. म्हणजे उकळीपर्यंत नेण्यासाठी लागणारी उष्णता इथे पाचव्या हिश्शाने कमी लागते. कोरड्या दिवसांत ५ लिटरला मला पंचवीस मिनिटे लागतात, पावसाळ्यात सरपण सादळलेले असल्यामुळे चाळीस. पहाटे मतलई वारा असतो तेव्हा धूर सरळ समुद्राकडे जातो. दुपारनंतर खारे वारे सुटले की तोच धूर उलटा पडवीत शिरतो, म्हणून चिमणीचे तोंड वाऱ्याकडे पाठ करून फिरवावे लागते. एक सूचना मात्र सर्वांत महत्त्वाची आहे : विस्तव पेटलेला समोवार बंद खोलीत कधीही ठेवू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो पेटवावा अंगणात, आणि बसावे उघड्या पडवीत.

त्याची खरी कसोटी लागली ती ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले त्यानंतर. आमच्या वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड आडवे झाले, सुरूच्या बनात तर उभे झाड शोधावे लागत होते. वीज बरेच दिवस नव्हती, रस्ते पडलेल्या झाडांनी अडलेले, आणि गॅसचा सिलिंडर जपून वापरायचा होता. वाडीतली मंडळी सकाळी करवती आणि कोयते घेऊन एकेकाच्या आगरात जात. आमच्याकडे आली त्या दिवशी मी समोवार अंगणात पेटवला. पहिल्या भरणीला गवती चहा आणि आले घातलेला कोरा चहा तीस जणांना पुरला. दुसरी भरणी दुपारी, तिसरी चार वाजता. सरपण पायाखालीच पडले होते. बाजूच्या काकांच्या बागेतली पन्नास वर्षांची कलमे त्या वादळात गेली होती आणि ते दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी त्या दिवशी तोटीखाली पेला धरला, चहा घेतला, पुन्हा पेला धरला, आणि मग पायरीवर बसून कोणते कलम कोणी बांधले होते ते सांगू लागले. समोवार निवेपर्यंत ते बसले होते. संध्याकाळी मोबाइलला थोडी रेंज आली तेव्हा मित्राचा आठ दिवसांपूर्वीचा निरोप मिळाला, आईंनी विचारले होते : समोवार गातो का?

चहाविषयी स्पष्ट लिहायला हवे. ज्यांना दूध आणि चहा एकत्र उकळलेलाच लागतो, त्यांना समोवाराचा चहा पटणार नाही, आणि समोवारात दूध तर चुकूनही घालू नये. कल्हईच्या कोपऱ्यांत ते धरते आणि नळीला चिकटून करपते. आम्ही दूध वेगळे तापवून ठेवतो, ज्याला हवे तो घालून घेतो. कोरा चहा मात्र याचाच प्यावा. किटलीत चहाची पूड सढळ हाताने घ्यावी, तिच्यावर उकळते पाणी ओतून दहा मिनिटे समोवाराच्या माथ्यावर मुरू द्यावे, आणि पेल्यात एका वाट्याला चार-पाच वाटे पाणी. आमच्या गणपतीत रात्री भजनाला येणाऱ्या मंडळींनी पहिल्या वर्षी पेले हातात नुसते धरून ठेवले. तिसऱ्या वर्षी त्यांच्यातल्या बुवांनी स्वतः गुळाचा खडा मागून घेतला.

निगा राखण्याची बाजू थोडी कडक आहे. खाऱ्या हवेत पितळ पंधरा दिवसांत काळवंडते. चिंच आणि राख लावून घासले की पुन्हा उजळते, पण निकेलचा मुलामा दिलेला समोवार असेल तर चिंच अजिबात लावू नये. लाकडी मुठी पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात सैल होतात, त्यांचे स्क्रू वर्षातून दोनदा आवळावे लागतात. मार्चनंतर आमच्या विहिरीचे पाणी किंचित मचूळ होते आणि आत पांढरा थर धरू लागतो, तो लिंबूसत्त्वाच्या पाण्याने एक उकळी काढली की निघतो. रात्री उरलेले पाणी काढून भांडे पालथे घालावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी चहाला चव राहत नाही. चौथ्या वर्षी नळीच्या बुडाशी पितळ उघडे दिसू लागले आणि एके दिवशी चहा कळकल्यासारखा लागला, तेव्हा वापर लगेच थांबवला. इथे येणाऱ्या कल्हईवाल्याने भांडे हातात घेऊन पाहिले आणि प्रामाणिकपणे नको म्हणाला : नळीभोवतीच्या अरुंद फटीत त्याचा हात जात नव्हता, आणि भट्टीवर भांडे तापवले तर डाक सुटले असते. शेवटी पुण्याच्या तांबट आळीतल्या एका कारागिराने नळी सोडवून, आतून नवसागर आणि कथील फिरवून, पुन्हा नळी बसवून दिली. काम चोख झाले, परंतु समोवार महिनाभर घराबाहेर होता. सुट्या भागांचीही तीच गत. तोटी किंवा जाळी गेली तर इथे कारागिराकडून घडवूनच घ्यावी लागेल.

म्हणून सल्ला असा. शहरातल्या सदनिकेत राहत असाल तर घेऊ नका. बाल्कनीत विस्तव करणे धोक्याचे आहे आणि शेजाऱ्यांना त्रास होईल. विजेवर चालणारा समोवार तर मुळीच घेऊ नका, त्याने किटलीपेक्षा वेगळे काही साधत नाही. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी घ्यावा, पण शोभेला म्हणून दिवाणखान्यात मांडण्यासाठी नव्हे. पाहुण्यांना बोंडे वेचायला पाठवावे, फुंकणी त्यांच्या हातात द्यावी. आमच्याकडे मुंबईहून आलेली भावाची नातवंडे तासभर समोवाराभोवती फिरत होती आणि पेटल्यावर त्यांच्यातल्या धाकटीने सगळ्यांना दम देऊन गप्प बसवले, कारण तिला त्याचा सूर ऐकायचा होता. लहान मुले असतील तेव्हा एका मोठ्या माणसाने तिथून हलू नये, भांड्याचे अंग चांगलेच तापते. ३ लिटरचा घेण्याचा मोह पडेल, तो टाळावा; माणसे जास्त असली की दुसरी फेरी होण्याआधीच तो संपतो. बांधणीला मी पाचपैकी चार गुण देतो, एक तोटीचा कापला. पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन आणि दुकानातच पाणी भरून पाहीन.

यंदा मृगाच्या आधी बोंडांची दोन पोती वाळवून माळ्यावर चढवली आहेत. वादळानंतर लावलेले सुरू आता पुरुषभर वर गेले आहेत, पण त्यांना अजून बोंडे धरलेली नाहीत. केळशीच्या बाजूला जी जुनी झाडे उरली त्यांच्याखालून ती आणावी लागली.